रविवारी साडेदहाचा फोन

मी शिरवण्याच्या देवजींच्या घरातला काळा फोन बोलतोय. तबकडी फिरवायचा, जड रिसीव्हरचा. आजवर माझ्यातून इतरच बोलत आले. माझ्या पोटात मात्र एक गोष्ट तीन वर्षं तशीच आहे, ती आज सांगतो.

अर्ज केल्यावर सहा वर्षांनी, १९९३च्या दसऱ्याच्या आठवड्यात मी या घरी आलो. देवजींची भातशेती नवी मुंबई वसवताना गेली होती आणि बदल्यात मिळालेल्या भूखंडावर त्यांनी तीन मजली घर बांधलं होतं. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, पुढे पेढा ठेवला आणि लगेच तबकडीला छोटं कुलूप घातलं. "आख्खा गाव फुकट बोलाया येल," त्या म्हणाल्या. पेढा देवजींनी खाल्ला.

कुलूप असलं तरी बाहेरून येणारे फोन वाजतातच. त्यातला माझा सगळ्यात लाडका फोन रविवारी सकाळी साडेदहाला यायचा, मॉरिशसहून. तिथे तेव्हा नऊ वाजलेले असायचे.

तो नंदिनीचा फोन. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिचे पूर्वज कोकणातून मॉरिशसला गेले, ते तिथेच राहिले. ती नेरूळच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकायला आली आणि देवजींच्या वरच्या मजल्यावरची खोली तिने भाड्याने घेतली. तिचं मराठी वडिलांनी पुस्तकातून शिकवलेलं होतं. भाजीवालीला ती "कृपया अर्धा किलो वांगी द्यावीत" म्हणायची. भाजीवाली हसायची आणि दोन वांगी जास्त टाकायची.

परक्या शहरातलं तिचं जगणं मी स्टुलावरून पाहिलं. सकाळी सहाला पाणी यायचं, म्हणून पावणेसहाला बादली घेऊन खाली. रॉकेलचा स्टोव्ह पेटेना झाला की शेवंताबाईंना हाक. मोठमोठ्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या काखेत घेऊन दाराच्या चौकटीला अडकत बाहेर जायची. दरवर्षी मुक्कामाच्या परवान्याची मुदत वाढवायला सरकारी कचेरीत खेटे, आणि ते होईपर्यंत तिला जेवण जायचं नाही. जाता-येता ती माझा रिसीव्हर उचलून कानाला लावायची. मी चालू आहे ना, एवढंच बघायला. दिवसातून चार-पाच वेळा.

रविवारी दहा वाजल्यापासून ती न्हालेल्या केसांनी माझ्याजवळ बसायची. आधी वडील, सितारामजी, दोन मिनिटं बोलायचे. मग आई, प्रेमलाबाई. त्या दोघी आपल्या क्रिओल भाषेत भराभरा बोलायच्या आणि मधेच "आई गं" म्हणून हसायच्या.

१९९६च्या एप्रिलमध्ये नंदिनीने आईला पत्र लिहिलं. या सुट्टीत मी घरी येत नाही, वर्गाबरोबर अहमदाबादला इमारती बघायला जाते, असं. पत्र टाकून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आई वाट पाहत असेल, मावशी," ती शेवंताबाईंना म्हणाली.

मंगळवार, सोळा एप्रिल. सकाळी अकरा वाजता मी वाजलो. वार चुकीचा, वेळ चुकीची. शेवंताबाईंनी पदराला हात पुसत उचललं.

"नंदिनी आहे का?" सितारामजी.

"कालेजला गेली, भाऊ."

"बरं झालं." त्यांचा रोखलेला श्वास सुटला, तो शेवंताबाईंच्या आधी मी ऐकला. "तिच्या आईला झटका आला आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नंदिनीला कळू देऊ नका. वीस दिवसांवर परीक्षा आहे. मला वचन द्या."

शेवंताबाई माझ्या अंगावर तळहात ठेवून म्हणाल्या, "दिला वचन."

त्या दिवसापासून मला माझ्याच घंटेची भीती वाटू लागली.

शेवंताबाईंना खोटं वागता येत नव्हतं. त्या नंदिनीच्या डोळ्यांकडे बघेनात. रोज वर ताट जाऊ लागलं. एक दिवस कोलंबीचं कालवण, दुसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी आणि बोंबील.

"मावशी, हे लाड कशासाठी? खोली रिकामी करायला सांगणार आहात काय?"

"गप खा गो बाय. हाडका दिसतान तुझी."

एकवीस तारखेच्या रविवारी सितारामजी एकटेच बोलले. "आई देवळात गेली आहे."

"नऊ वाजता? रविवारी ती कपडे धुते."

"आज गेली."

त्यांच्या मागे चाकांचा आवाज येत होता, कुणी बाई फ्रेंचमध्ये नाव पुकारत होती. तो फोन घरचा नव्हता, इस्पितळातला होता. माझ्या लक्षात आलं. नंदिनीच्या आलं नाही, कारण तिच्या मनात दुसरंच भरलं होतं. तिने रिसीव्हर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मावशी, आई माझ्यावर रागावली आहे. अहमदाबादचं पत्र तिला मिळालं असणार."

शेवंताबाई सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. तेच तांदूळ त्यांनी तीनदा निवडले.

बुधवारी नंदिनी स्टेशनजवळच्या परदेशी फोनच्या बूथवर जाऊन आली. घामाने निथळत माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "घंटा वाजत राहिली. बुधवारी आई घरीच असते. माझा फोन आहे हे ओळखून तिने उचलला नाही." त्या आठवड्यात तिने आईला क्षमा मागणारी तीन पत्रं लिहिली. टेबलावर परीक्षेची पुस्तकं उघडी असतात, पण पान उलटत नाही, असं ताट घेऊन वर जाणाऱ्या शेवंताबाई सांगायच्या. ज्या परीक्षेसाठी सगळे गप्प होते, ती परीक्षाच वाया चालली होती.

एका दुपारी नवरा-बायकोची जुंपली, माझ्यादेखत.

"तू शबुद दिलास," देवजी म्हणाले. "बापाला कलतं पोरीचा भला कशात हाय."

"मना सांगू नका भला! आपल्या प्रीतमच्या वेलेला मी बालंतीन. माझा बाबा गेला. बालंतनीला सांगू नये म्हनून सव्वा महिना कुनी तोंड उघडला नाय. तुमी बी नाय. आनि मी काय करत व्हते? नातू बघाया आला नाय म्हनून बाबावं रुसून बसले व्हते. मेलेल्या मानसावं रुसले व्हते मी!"

देवजी विडी न पेटवताच बाहेर गेले.

अठ्ठावीस एप्रिल, रविवार. साडेदहा वाजले तरी मी मुका. दहा-पस्तीस. नंदिनीने दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला. दहा-चाळीसला मी वाजलो आणि तिने पहिल्याच घंटेला उचललं.

"आई झोपली आहे, बाळ."

"बाबा, तिला उठवा. तिला सांगा, मी अहमदाबादला जात नाही. मी घरी येते. तिने बोलू नये, रागवावं, पण एकदा हॅलो म्हणावं. एकदाच."

मला सगळं माहीत होतं आणि मला फक्त वाजता येतं, तेही कुणी वाजवलं तर. माझी तार जळून जावी असं वाटलं.

तेवढ्यात शेवंताबाई पुढे आल्या. नंदिनीच्या हातातून त्यांनी रिसीव्हर काढून घेतला.

"भाऊ, मी शेवंता. मी वचन मोडते हाय. पाप लागला तं मना लागंल. आता पोरीला खरा सांगा. तुमी नाय सांगला तं मी सांगते."

"शेवंताबाई, वर्ष जाईल तिचं..."

"जाऊ द्या. ती आईवं रुसलीय, आनि आई तिकडं बिछान्यात हाय. ह्या मी बघनार नाय."

रिसीव्हर त्यांनी परत दिला. सितारामजी बोलले. अडखळत, पुस्तकातलं मराठी विसरून, त्यांच्या घरच्या भाषेत. नंदिनी भिंतीला टेकून ऐकत राहिली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? तेवढं मराठीत म्हणाली, शेवंताबाईंकडे बघत.

"म्हणजे ती रागावलेली नाही?"

मग ती रडली. शेवंताबाईंनी तिला जवळ घेतलं, पण जा म्हटलं नाही की थांब म्हटलं नाही. "जायाचा का परीक्षेला बसायाचा, ता तू ठरव. आमी आता कायपन ठरवनार नाय."

गुरुवारी नंदिनी गेली. देवजी विमानतळापर्यंत सोडायला गेले. तिचं वर्ष बुडालं.

सितारामजींनी ते लवकर माफ केलं नाही. नंदिनी तिकडून फोन करायची, पण ते कधी शेवंताबाईंना मागायचे नाहीत. शेवंताबाई म्हणायच्या, "नाय बोलनार तो. मी त्याचा शबुद मोडला." आणि मला पुसताना हात थांबायचा.

पुढच्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "शेवंताबाईंना द्या," एवढंच ते देवजींना म्हणाले.

"प्रेमला काल गेली," ते सांगत होते. "नंदिनी जवळ होती. दहा महिने जवळ होती. प्रेमला डाव्या हाताने नंदिनीचे केस विंचरायची. रोज. तुम्हाला हे सांगायचं होतं."

शेवंताबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

त्या जूनमध्ये नंदिनी परत आली. आता १९९९ संपत आलंय आणि ती शेवटच्या वर्षाला आहे. घरात बटणांचा पांढरा फोन आलाय. माझी तार गुंडाळून मला भंगारात देणार होते, तर नंदिनी मला वर घेऊन गेली. तिच्या ड्रॉइंगच्या कागदांवर वजन म्हणून मी बसतो. काम वाईट नाही, कागद उडत नाहीत.

पण खालचा पांढरा फोन वाजला की मला अजून तो मंगळवार आठवतो. कुठल्याशा दूरच्या गावात कुणाचं तरी मूल शिकत असेल, आणि घरी कुणीतरी रिसीव्हर उचलून म्हणत असेल, आई देवळात गेलीय. तुम्ही ते म्हणत असाल तर थोडं थांबा. त्या मुलाला किती सोसेल, ते त्यालाच ठरवू द्या. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते काहीतरी स्वतःच रचून घेतं, आणि ते खऱ्यापेक्षा जड असतं. मी दोन्ही उचलून पाहिलंय.