पडद्यामागून दिसलेला हात

मित्रांनो, मखमली पडदा वर सरकला की तुम्ही टाळ्या वाजवता. मी तसला नाही. मी एक जुना पडदा आहे, पांढऱ्या कापडाचा, चारी कडांना काळी पट्टी लावलेला. दोन बांबूंच्या मधे मला दोऱ्यांनी ताणून उभं करायचं, समोरून प्रोजेक्टरचा उजेड सोडायचा आणि गावाला प्रभू येशूच्या जीवनावरची फिल्म दाखवायची, एवढंच माझं काम. माझ्या अंगावर समुद्र खवळले, वादळं शमली, आंधळ्यांना डोळे आले. आणि उजेड विझला की मी पुन्हा कोराच्या कोरा. या कोरेपणाचा मला थोडा अभिमान आहे. तेवढा तुम्ही खपवून घ्या.

माझा जन्म धुळ्याचा. तिथल्या चर्चच्या महिला मंडळात सुनंदाबाई होत्या, त्यांनी मला शिवलं. दुकानदार जाड कापड घ्या म्हणून मागे लागला होता. पण सुनंदाबाईंच्या शिलाई मशीनला जाड कापड झेपेना, सुया मोडत. म्हणून त्यांनी पातळ कापड आणलं. त्यामुळे झालं असं, की माझ्यावर पडलेला उजेड अर्धा माझ्यावर थांबायचा आणि अर्धा आरपार जायचा. चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं.

मला जीपमध्ये घालून गावोगाव नेणारा माणूस म्हणजे भिकन भाऊ. प्रोजेक्टर, जनरेटर, दोन भोंगे आणि मी, असा आमचा संसार. नरडाण्यापासून शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आम्ही फिरलो. भिकन भाऊ मला फार जपायचे. खेळ संपला की आधी माझ्यावरची धूळ झटकायचे, मग घडी घालायचे, आणि मगच स्वतः जेवायला बसायचे. त्यांच्या तोंडी माझं कौतुकही असायचं. "असा सरळ ताणला जाणारा पडदा अख्ख्या खान्देशात नाही," असं ते ज्याला त्याला सांगायचे. मी काय, फुगायचो. वाऱ्याने फुगायचो त्याहून जास्त.

सगळ्या गावांत माझं मन रमलं ते सागपाड्यात. डोंगराच्या कुशीतली वस्ती. पावसावरची शेती, जंगलातला मोह आणि डिंक, उरलेले महिने मजुरी. चर्चची खोली तेव्हा इतकी लहान होती की फिल्म बाहेर मैदानातच दाखवावी लागे. आणि मैदानात एक अडचण होती. सासरे आणि जेठ, म्हणजे थोरले दीर, बसलेत तिथे सुना बसणार कशा? खोलीत पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मैदानात तशी सोय कुठली? मग सागपाड्याच्या बायकांनी आपणहून तोड काढली. पुरुष माझ्या पुढे बसले, बायका-मुली माझ्या मागे. मीच मधली भिंत झालो. दरवर्षी हाच रिवाज पडला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता त्या मागच्या बाजूबद्दल सांगतो, कारण माझं आयुष्य तिथेच घडलं. आरशात तुम्ही उजवा हात हलवलात की समोरचा डावा हलवतो ना? तसंच माझ्या मागून सगळं उलटं दिसायचं. अक्षरंही उलटी दिसत, पण त्या काळी मागे बसणाऱ्यांत वाचता येणारं होतं कोण?

एका वर्षी मागच्या बाजूला दिवालीबाई आपल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. लेकीचं, तिकडच्या बोलीत आंडेरचं, नाव सोनल. शाळेत जायचं वयही झालं नव्हतं. पोरगी चुणचुणीत, पण डावरी. म्हणजे डावखुरी. भाकर डाव्या हाताने मोडायची, पाणी डाव्या हाताने द्यायची. घरात-दारात त्यावरून तिला ओरडा बसे. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, पुना आबा. भला माणूस. कुणाच्या अडीअडचणीला आधी धावून जाणारा. पण त्यांनीच दिवालीबाईला बजावलं होतं, "तिन्हा हात बांध, दिवालीबाई. उद्या सासरले तिन्हा हातनं पानी कोन पिई?" म्हणून जेवणाच्या वेळी दिवालीबाई जुन्या लुगड्याची पट्टी काढायची आणि पोरीचं डावं मनगट कमरेशी बांधायची. बांधताना तिचेच डोळे भरून यायचे. हे मी स्वतः पाहिलंय, कारण त्या संध्याकाळी खेळाआधी सगळ्यांचं जेवण तिथेच मैदानात होतं. पट्टी तशीच राहिली होती.

फिल्म सुरू झाली. प्रभूने कुष्ठरोगी माणसाला हात लावला. पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो शेवटच्या भोजनाला बसला, त्याने रोटी उचलली आणि मोडली. तेवढ्यात मागून एक कोवळा आवाज आला.

"माय, देख ना! तो बी डावराच शे!"

बायका हसल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. खरंच की! रोटी डाव्या हातात, पेला डाव्या हातात. "खरंच वं माय," कुणीतरी म्हणालं, आणि मग कुणीच हसलं नाही. दिवालीबाई बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने पोरीच्या कमरेची गाठ सोडली, पट्टी बोळा करून दूर फेकली. ती पट्टी पुन्हा कधी बांधली गेली नाही.

पुढच्या बाजूला पुरुषांना उजवा हात दिसत होता. मागे बायकांना डावा. आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी या गोष्टीवर एकमेकांशी एक शब्द बोलून पाहिला नाही. सोनलचा बाप आमश्या तर अर्ध्या फिल्मलाच घोरू लागायचा, त्याला विचारणार कोण? सागपाड्याच्या बायकांच्या मनात प्रभू डावखुराच राहिला. चर्चच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो उजवा हात वर करून उभा असे. सोनल म्हणायची, "कॅलेंडरवालाले काय मालूम?"

वर्षं गेली. भिकन भाऊंचे गुडघे गेले, जीप गेली. सोनल आश्रमशाळेत गेली, तिथून धुळ्याच्या कॉलेजात. चर्चला स्लॅबची मोठी खोली झाली, भिंतीवर टीव्ही आला, पोरांच्या हातात मोबाईल आले. भिकन भाऊ मला सागपाड्याच्या चर्चला देऊन गेले. जाताना त्यांनी घडीवर हात फिरवला आणि निघून गेले.

मग माझे दिवस फिरले. नाताळच्या नाटकात मी कधी मेंढपाळांचं आभाळ झालो, कधी गोठ्याची भिंत. एरवी कीबोर्डवर आणि भोंग्यांवर धूळ बसू नये म्हणून मला पांघरत. माझ्या एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलं. पूर्वी ज्या अंगावर समुद्र उसळला, त्या अंगावर आता कुणीही पेटी टेकवायचं. वाईट वाटायचं, नाही म्हणणार नाही.

पण तिथे पडल्या पडल्या मी शिकून गावी परतलेल्या, मोठ्या झालेल्या सोनलला पाहिलं. डाव्या हातानेच ती चित्रं काढायची, आणि अशी काढायची की बघणारा चालता चालता थांबावा. संडे स्कूलच्या पोरांना ती गोष्ट सांगताना फळ्यावर चित्र काढत जायची. पोरं गोष्ट ऐकायची सोडून तिचा हात बघत बसायची. त्याच सुमारास धुळ्याहून प्रेमराज भाऊ येऊ लागले. चर्चच्या मीडियाचं काम ते बघत. डोंगरातल्या लोकांसाठी त्यांच्याच बोलीत, चित्रांमधून प्रभूच्या गोष्टी सांगायच्या आणि त्या मोबाईलवर पाठवायच्या, अशी त्यांची योजना होती. आवाज गावच्याच बायकांचा, चित्रं सोनलची. सोनल त्या कामात अशी बुडाली की तिला जेवणाची शुद्ध राहीना.

एके दिवशी प्रेमराज भाऊंनी खोलीत बसून सगळी चित्रं एकत्र पाहिली. मी भोंग्यावरच होतो. ते म्हणाले, "सोनल, चित्रं फार सुंदर झालीत. पण एक विचारू? सगळीकडे प्रभूचा डावाच हात पुढे कसा? रोटी डाव्या हाताने, आशीर्वाद डाव्या हाताने. लोकांना खटकेल गं."

"पण प्रभू डावखुराच होता ना, भाऊ," सोनल सहज म्हणाली.

बरोबर आलेली पोरं फिसकन हसली. प्रेमराज भाऊ हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉपवर ती जुनी फिल्म शोधून लावली. भोजनाचा प्रसंग आला. उजवा हात. सोनल म्हणाली, उलटी लागली असेल. त्यांनी सुरुवातीची अक्षरं दाखवली. ती सरळ होती. सोनलने मान वळवली आणि भोंग्यावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"आम्ही मागे बसायचो," एवढंच ती म्हणाली.

"त्यात काय एवढं," प्रेमराज भाऊ समजुतीने म्हणाले. "एक बटण दाबलं की सगळी चित्रं पालटतात. तुला पुन्हा काढावं लागणार नाही." त्यांनी बटण दाबलं. सगळे हात उजवे झाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मित्रांनो. पण त्या बटणाने त्या पोरीच्या पायाखालची जमीन काढून घेतली. ज्या हातावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं, तो हात मुळी नव्हताच.

सोनलने चित्रं काढणं सोडलं. गोष्टी अर्ध्यावर राहिल्या. प्रेमराज भाऊंचे फोन ती उचलेना. रविवारी उपासनेनंतर जेवण असे, तिथे ती उजव्या हाताने जेवू लागली. वरण सांडायचं, भाकर नीट मोडता यायची नाही, पोरांना हसू फुटायचं. ती खाली मान घालून घास घ्यायची. मला ते बघवत नव्हतं. पट्टी न बांधताच तिचा हात बांधला गेला होता.

एकदा दिवालीबाई खोली झाडत होती. सोनल तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "माय, आपण मांगे बठेल व्हतूत. तो डावरा नव्हता." झाडू थांबला. दिवालीबाईने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी सवता देखसू," ती म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

ईस्टर आला. तयार झालेल्या गोष्टी गावाला दाखवायच्या ठरल्या. टीव्ही लहान, गाव मोठं. प्रेमराज भाऊंनी प्रोजेक्टर आणला, आणि दिवालीबाईने मला भोंग्यावरून उचललं. विहिरीवर नेऊन स्वतः धुतलं, कुरतडलेल्या कोपऱ्याला ठिगळ लावलं. भिकन भाऊ, आता भिकन आबा, काठी टेकत आले होते. दिवालीबाई त्यांना म्हणाली, "आबा, पहिले ती जुनी फिल्म लावा. रोटीना टाइमनी."

दिवेलागणीला मी पुन्हा मैदानात उभा राहिलो. पुरुष पुढे बसले आणि बायका सवयीने माझ्या मागे गेल्या. प्रभू भोजनाला बसला. त्याने रोटी उचलली. आणि दिवालीबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती बांबूला वळसा घालून सरळ पुढे आली, सगळ्या सासऱ्या-जेठांच्या देखत. तिची सावली माझ्यावर पडली. भिकन आबांनी फिल्म थांबवली.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. उजवा हात. मग ती पुना आबांकडे वळली. आवाज चढवला नाही.

"आबा, तुम्ही इतला वरीस मव्हरथून देखं. बराबर देखं. आनी मले सांगं, आंडेरना हात बांध. आम्ही बाया मांगथून देखं. चुकीनं देखं. पन मी आंडेरना हात सोडा. आते तुम्हीच सांगा, त्याले बराबर कोनी देखं?"

पुना आबा मान खाली घालून बसले होते. आमश्या, जो कधी जागा राहिला नाही, तो टक्क जागा होता. मग पुना आबांनी मान वर केली.

"सोनल, पानी आन पोरी."

सोनल मागच्या बाजूने आली. तिने पेला भरला आणि उजव्या हातात धरून पुढे केला. पाणी सांडत होतं. आबांनी पेला घेतला नाही.

"हाऊ नको. तुन्हा हातनं दे."

सोनलने पेला डाव्या हातात घेतला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मागून बायका एक एक करून पुढे येऊ लागल्या होत्या. थोड्या वेळाने माझ्या मागे कुणीच उरलं नाही.

सोनल पुन्हा चित्रं काढते. अर्ध्या राहिलेल्या गोष्टी पुऱ्या झाल्या. भोजनाचं चित्र तिने नव्याने काढलं. त्यात प्रभूचा हात उजवाच आहे, खरा होता तसा. समोर एक लहान पोरगी रोटी घ्यायला हात पुढे करून उभी आहे, तिचा मात्र डावा. प्रेमराज भाऊंनी ते चित्र पाहिलं आणि कुठलंही बटण न दाबता तसंच पाठवून दिलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. ठिगळं वाढत चाललीत. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी जुना पडदा असेल, तर त्याला ओला घडी घालू नका, उंदरांपासून जपा, त्याच्यावर पेट्या ठेवू नका. आणि तुम्ही गावात काहीही दाखवायला निघालात, पडद्यावर नाहीतर मोबाईलवर, तर एकदा उठून मागच्या बाजूला जा. तिथे कोण बसलंय ते बघा आणि त्यांना काय दिसलं ते विचारा. मग त्यांना पुढे बोलवा.