जिलबीच्या पाकातला स्विच

मित्रांनो, गुजरातमधल्या नंदेसरीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, लोखंडी कपाटात मी राहतो. मी एक जुना नेटवर्क स्विच आहे, म्हणजे संगणक आणि यंत्रांचे निरोप एकमेकांना पोचवणारी पेटी. माझा जन्म झाला तिथे माणसं हातमोजे घालून वावरत आणि हवासुद्धा गाळलेली असे. इथे माझ्या पाठीशी झुरळं अंडी घालतात आणि कपाटाच्या कोपऱ्यात कोणीतरी गुटख्याची पिंक टाकतं. मला त्याची शिसारी येते.

माझ्या तोंडावर पोर्टांची, म्हणजे वायरी खुपसायच्या भोकांची, रांग आहे. ती दिसतात सारखी, पण कामं वेगळी. डावीकडची आठ पोर्टं निरोपाबरोबर वीजही पुरवतात. कॅमेरे आणि वायूची गळती हुंगणारे सेन्सर त्यांच्यावरच जगतात. मधली पोर्टं फक्त निरोप नेतात, कारण संगणकांना त्यांची वीज वेगळी मिळते. टोकाच्या दोन खाचांत केसासारखे काचेचे तंतू बसतात. त्यांतून प्रकाश मुख्य कार्यालयापर्यंत धावतो. आणखी एक पोर्ट आहे, ते केवळ इंजिनिअरला माझ्याशी बोलता यावं म्हणून. सुरुवातीला लोक माझे हिरवे दिवे कौतुकानं बघत. पुढे कपाट उघडायचं ते फक्त दसऱ्याच्या यंत्रपूजेला.

यंदा सुपरवायझर गुणवंतराव फाफडा-जिलबी खाऊन थेट माझ्याकडे आले. त्यांनी सगळ्या वायरी उपटल्या, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि नीटनेटक्या दिसतील अशा वायरी पुन्हा खुपसल्या. बोटांवरचा पाक माझ्या पोर्टांत उतरला. त्यावर कुंकू बसलं. कोणती वायर कुठे होती ते पाहून ठेवलंत का, असं इंजिनिअर अवंतीनं विचारलं.

"अवंतीबेन, भोकं सगळी सारखीच. कशातही घाला, चालतं," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी तरी तोंड गोड करा."

क्लोरिनच्या शेडमधल्या सेन्सरची वायर मधल्या पोर्टात गेली होती. निरोप न्यायला मी तयार होतो, पण सेन्सरला वीजच नव्हती. पडद्यावरचा त्याचा चौकोन करडा पडला. त्याच वेळी ऑपरेटर देवेंद्र सिलिंडरांना कुंकू लावायला पूजेचं ताट घेऊन त्या बंद शेडकडे निघाला होता. कंट्रोल रूममध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

अवंतीला करडा चौकोन दिसला. ती वायर शोधत माझ्यापर्यंत आली, तिचं चिकट टोक रुमालानं पुसलं आणि डावीकडच्या पोर्टात बसवलं. दिवा लागला. सेन्सर सावकाश जागा झाला. पडद्यावर शेडच्या हवेतल्या क्लोरिनचा आकडा उमटला आणि चढू लागला.

तिनं वॉकीटॉकी उचलला. "क्लोरिन शेडजवळ कोणी असेल तर दार उघडू नका."

"मी कडीला हात घातलाय, बेन."

"तो काढा, देवेंद्रभाऊ. मागे फिरा."

मास्क लावलेल्या माणसांनी जाऊन गळकी झडप बंद केली. देवेंद्र परतला तेव्हा ताटातलं कुंकू त्याच्या शर्टभर सांडलेलं होतं. देवीनंच वाचवलं असं म्हणत गुणवंतराव माझ्या काचतंतूंच्या खाचेकडे पुन्हा कुंकवाचं बोट घेऊन आले. देवेंद्र मध्ये उभा राहिला.

"काका, आधी हात धुऊन या."

मित्रांनो, मला हळदकुंकू नको, फुलंही नकोत. कोरडं फडकं पुरे. आणि वायर उपटण्याआधी एवढं विचारा, की तिच्या दुसऱ्या टोकाला कोण श्वास घेत आहे.