एका सकाळचे तीन ड्रेस

फुकट मिळालेलं दहीही नम्रता आधी हुंगून बघायची. त्यामुळे एप्रिलातल्या त्या रविवारी कोंडाणे गावच्या देवळापुढे कर्जतच्या श्रीमंत प्रमोदिनीबाईंची गाडी थांबली आणि बाई हसत हसत पोरांना खाऊ वाटू लागल्या, तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

देवळाच्या ओसरीवर नम्रताची लेक समीक्षा दोन वर्षं गावातल्या पोरांना शिकवत होती. नुकतीच तिची बारावी झाली होती. पुण्याच्या एका बड्या खासगी विद्यापीठात फीमाफीच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. तिथे मार्कांइतकंच ‘समाजासाठी काय केलंत’ हे बघतात. समीक्षाने या वर्गाबद्दल लिहिलं होतं. दुसरं होतं काय बिचारीजवळ?

बाईंची मुलगी सानवीही तिथेच अर्ज करणार होती. सोबत एक सल्लागार होता. श्रीमंतांच्या मुलांना असे प्रवेश मिळवून देणं हाच त्याचा धंदा.

सानवीने हातात खडू घेतला, फोटो निघाले. मग ती गाडीत जाऊन दुसरा ड्रेस घालून आली. पुन्हा फोटो. तिसऱ्या खेपेला तर चक्क स्वेटर!

“एवढ्या उनात स्वेटर कशाला गं?” नम्रताने लेकीला विचारलं.

समीक्षाचा चेहरा उतरला होता. “वर्षभर येत होती आसं दाखवायला, आई.”

तेवढ्यात बाई जवळ आल्या. “नम्रता, कॅमेऱ्यापुढे दोन शब्द बोल. हा वर्ग सानवीने सुरू केला, एवढंच. समीक्षाची पुण्यातली राहायची सोय मी बघते.”

खोटं कशाला बोला, ‘सोय’ हा शब्द नम्रताला क्षणभर गोड लागला.

“आन् मंग माझी पोर खोटी नाय का ठरनार, बाई?”

“अगं, एका वर्गाचा केवढा बाऊ करतेस!”

नम्रता कॅमेऱ्यापुढे बसली. “ह्यो वर्ग माझ्या समीक्षानं काढला. ही सानवी आज पयल्यांदा आली हाय.”

बाई संतापल्या. सल्लागार मात्र गालातल्या गालात हसला. “चालेल. आवाज काढून टाकू, वर संगीत घालू. मावशींचा चेहरा छान आलाय.”

म्हणजे गरिबाचा चेहरा हवा, त्याचं तोंड नको! नम्रताने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. “पोरांनू, फिरा रं समदी भिंतीकडं!” हातातला खाऊ तसाच धरून पोरं फिरली. “आता घ्या फोटू.”

गाडी निघून गेली. पण आधीचे फोटो त्यांच्याजवळ आहेतच. निवड करणाऱ्या साहेबांनो, उद्या ते तुमच्या टेबलावर येतील. सानवी हसत असेल, पोरंही हसत असतील. तेव्हा तिला त्यातल्या एका तरी पोराचं नाव विचाराल का?