तिचा खेकडा

एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायातली चप्पल सरकवत ती दारातच उभी राहिली. दोन्ही हात गुंतले होते. इंजेक्शननंतर रडून रडून ठकी आत्ता कुठे खांद्यावर झोपली होती. तिला हिसका बसू न देता चप्पल काढायची, पिशवी खाली ठेवायची, कोपरानं दार लोटायचं, हे आता तिला जमू लागलं होतं.

"आलीस? ये लवकर, गंमत दाखवतो," आतून नवऱ्याचा आवाज आला.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. सासूबाई शेजारी शेंगा मोडत बसल्या होत्या. पडद्यावर तिच्या खेळातली टेकडी होती, टेकडीच्या तुटक्या पायऱ्या होत्या. पायथ्याशी तिचा खेकडा मात्र नव्हता. त्याच्या जागी चार चाकांची एक चौकोनी, शहाण्यासारखी गाडी उभी होती.

"हे काय आहे?"

"तुझीच गाडी. जरा सरळ केली." तो खुशीत होता. "केवढा गोंधळ होता त्यात. एक चाक इकडे, दोन तिकडे, सीट काय लोंबतेय. आता बघ."

"आणि आधीची?"

"तिच्यावरच सेव्ह केली. दोन-दोन कशाला ठेवायच्या?"

ठकीच्या पाठीवरची तिची बोटं आवळली. तिनं ती मुद्दाम सैल केली.

तो खेळ तिच्या धाकट्या भावानं लॅपटॉपवर घालून दिला होता, ताई दुपारची कंटाळेल म्हणून. तिनं उघडला तो निव्वळ तपासायला. या घरात येणारी प्रत्येक गोष्ट ती तपासायचीच, खुळखुळ्याचा रंगसुद्धा. आत चाकं होती, दांडे होते, बिजागऱ्या होत्या, इंजिनं होती, आणि पिवळ्या टोपीचा, नाकडोळे नसलेला एक बारका चालक. हवं ते हव्या त्याला जोडायचं आणि चालवायचं. तिची पहिली गाडी जागची हलली आणि कलंडली. पिवळी टोपी गडगडत गेली तेव्हा तिचा श्वासच अडकला. मग एक बटण दाबलं, आणि सगळं होतं तसं. कुणी दचकून उठलं नाही. कुणाला लागलं नाही. कुणी "बघू, दे इकडे" म्हणालं नाही.

ठकी का रडते हे तिला बहुतेक वेळा कळत नसे. गाडी का पडली हे मात्र दर वेळी कळे. मांडीवर झोपलेली ठकी आणि एका हाताखाली लॅपटॉप, अशा दुपारी तिनं शेकडो गाड्या पाडल्या आणि त्यातल्या एकीचंही तिला वाईट वाटलं नाही.

मग इमारतीची लिफ्ट बंद पडली. ठकीला घेऊन जिना चढताना एकदा तिचं लक्ष गेलं, पायरीगणिक आपलं अंग हिंदकळतं, पण पोरगी हलत नाही. आपला कोपर न सांगता सैल होतो, हिसका तोच गिळतो. घरात शिरताच तिनं चालकाची सीट बिजागरीवर टांगली. तिला सावरायला पुढे एक चाक, मागे दोन, वाकडे दांडे. नवरा बघून हसला होता, "अरे वा, खेकडा." नाव तेच पडलं. खेकडा रांगत जायचा, तिसऱ्या पायरीवर अडायचा. पण पिवळी टोपी सरळच्या सरळ राहायची.

आज नवऱ्याला सुट्टी होती. "दवाखान्यात तिघांनी गर्दी कशाला करायची," म्हणून तो घरी थांबला होता. थांबून हे केलं होतं.

"मला विचारलंस?"

"यात विचारायचं काय? अगं, खेळ आहे."

"खेळच आहे तर नीट करायला कशाला गेलास?"

त्यानं आईकडे पाहिलं. आई शेंगा मोडत राहिल्या.

"मदत केली तर एवढं..."

"मागितली होती? मी आंघोळीचं पाणी फार गरम काढते, दुपटं सैल गुंडाळते, ढेकर काढायला थोपटते तीही जागा चुकीची. ठीक आहे. ते मी ठकीसाठी ऐकते, रोज ऐकते." ठकीचा कान तोंडापाशी होता, म्हणून ती कुजबुजत होती, कुजबुजीला धार आली होती. "हे कुणासाठी नव्हतं. हे माझं होतं."

सासूबाईंच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"बरं बाई, चुकलं. पण आधी बघ तरी. तुझा खेकडा तिसऱ्या पायरीला बसायचा. ही एका दमात जाते."

त्यानं कळ दाबली. गाडी उसळली, पायऱ्यांवर धाडधाड आपटत सुसाट वर गेली आणि थेट माथ्यावर, झेंड्यापाशी थांबली. तो हात डोक्यामागे घेऊन रेलला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा; एखाद्या पोराला पहिल्यांदा गिअर जमला की तिथेही तो असाच रेलत असणार.

"चढली की नाही?"

चढली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं की कशानं, हे तिलाच कळेना. इतक्या दुपारींत तिला जे जमलं नव्हतं, ते यानं एका सकाळीत उरकलं होतं.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ वाकल्या.

"आणि चालवणारा कुठाय रे?"

"असेल की आत."

"आत कुठे? बसायचंच नाहीये त्यात."

त्यानं दृश्य फिरवलं. गाडीच्या मधोमध नुसते दांडे उघडे पडले होते. मग तो टेकडी उतरत खाली आला, एकेक पायरी बघत. तिसऱ्या पायरीवर सीट उलटी पडली होती. तिच्या पलीकडे पिवळी टोपी, तोंडघशी.

"म्हणजे सीट पडून हलकी झाली म्हणून..." तो म्हणाला आणि थांबला.

"आणि हा लोकांना गाडी शिकवतो," सासूबाई म्हणाल्या.

तिला हसू आलं नाही. त्या पडलेल्या टोपीकडे ती बघत राहिली.

"किती वेळा चालवलीस?"

"सकाळपासून... बऱ्याचदा."

"एकदाही बघितलं नाहीस?"

शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असे; घरीही काही बिनसलं की त्याचा उजवा पाय जमीन दाबायचा. आत्ताही दाबत होता.

"मी देतो परत तशीच करून. साधारण आठवतंय मला."

"साधारण नको. हात लावू नकोस."

सासूबाईंनी सवयीनं हात पुढे केले. "दे ठकीला, मान बघ कशी..." त्या मध्येच थांबल्या. हात परत शेंगांकडे गेले. "राहू दे. झोपलीय ती."

तिनं ठकीला नवऱ्याच्या हातात दिलं. त्याचा कोपर काठीसारखा ताठ होता. 'सैल सोड' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते तिनं गिळले. ठकी कुरकुरली, त्यानं श्वास धरला, आणि हळूहळू कोपर आपणहून उतरला.

तिनं खुर्ची ओढली, बटण दाबलं. चौकोनी गाडी गेली. मोकळी जमीन आली.

"आधी चाकं..." नवरा म्हणाला आणि गप्प बसला.

मोकळ्या जागेच्या मधोमध तिनं आधी सीट ठेवली. पिवळ्या टोपीला तिच्यात बसवलं. मग चाकं कुठे लागतील ते बघू लागली.