तिसरा रकाना

"बाई, पंखा बंद करा. आणि श्वाससुद्धा जरा बेताने घ्या," असं म्हणत कानवाले गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी टेबलाला कान लावला.

बाईंनी मुकाट्याने पंखा बंद केला. छत्तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवणाऱ्या बाई, पण या माणसापुढे त्यांचं काही चालायचं नाही. कानवाल्यांनी रेडिओ केंद्रात चाळीस वर्षं यंत्रं सांभाळली. हे नाव तिथेच चिकटलं. खरं नाव आता पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. गावात कुणी रेकॉर्ड प्लेअर घेतला की आधी त्यांना बोलावणं जायचं. ते 'ठेवा' म्हणाले तर ठेवायचा, नाहीतर परत.

टेबलावरचं यंत्र बाईंच्या भाच्याने पाठवलं होतं. डायरेक्ट ड्राइव्ह. जुन्या यंत्रात मोटर कोपऱ्यात आणि थाळी फिरवायला रबरी पट्टा. यात पट्टाच नाही, मोटर थेट थाळीच्या पोटाखाली. बाईंची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. घसरलेला पट्टा बसवताना डोळ्यांत पाणी यायचं. आठ दिवसांत परत करायची मुभा होती, आणि आज सातवा.

"मग ठेवू ना?"

"दम धरा. अहो, हे रेडिओ केंद्राचं काम. तिथे बटण दाबलं की त्याच क्षणी गाणं लागावं लागतं. घरी कोण मागे लागलंय? घरी हवी शांतता. मोटर सुईच्या इतकी जवळ म्हटल्यावर गुरगुर आलीच. चाळीस वर्षं हेच सांगतोय मी."

"मग आजही तेच सांगा आणि चहा प्या."

"न ऐकताच? भलतंच!"

त्यांनी खिशातून वही काढली. प्रत्येक यंत्रासाठी एक पान, पानावर तीन रकाने: डोळा, हात, कान. थाळीच्या कडेचे ठिपके दिव्याच्या उजेडात जागच्या जागी उभे दिसत होते, म्हणजे गती चोख. फळीवर तळवा ठेवला, थरथर नाही. दोन रकाने भरले. पण खरा निकाल तिसऱ्याचा.

"लावा तुमची नेहमीची."

नेहमीची म्हणजे बाईंच्या दिवंगत नवऱ्याची व्हायोलिनची रेकॉर्ड. पहिल्या सुराआधीच्या कोऱ्या जागेत त्यांच्या अंगठीचा एक चरा पडला होता. टक, टक, टक, असे तीन बारीक आवाज, आणि मग व्हायोलिन. कानवाले दर वर्षी पट्टा बदलायला आले की हीच लावायचे, आणि बाई दर वर्षी म्हणायच्या, "आले बघा हे."

कानवाल्यांनी डोळे मिटले. गुरगुर नाही. खरखर नाही. थेट व्हायोलिनच सुरू झालं.

"बाई!" ते ताडकन उठले. "कमाल आहे हो! चरासुद्धा गिळला या पठ्ठ्याने. मी उगीच इतकी वर्षं याच्या नावाने खडे फोडले."

"गिळला? अहो, वाजले की तिन्ही. आले ना हे, नेहमीसारखे."

"छे!"

त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. या वेळी डोळे उघडे होते. ॲम्प्लिफायरच्या काचेमागे आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे निपचित पडले होते. ते उसळले. एकदा, दोनदा, तीनदा. खोलीत मात्र काही म्हणता काही वाजलं नाही.

त्यांनी तिसऱ्यांदा लावली. पुन्हा तेच. काटे खोटं बोलत नाहीत, हे नवशिक्यांना त्यांनीच घोकवलं होतं. महिनाभरात त्यांनी घरच्या दाराची घंटा दोनदा बदलली होती. हल्लीच्या घंटांत दमच नाही म्हणून आरडाओरडा केला होता. बायको बिचारी म्हणत राहिली, "वाजते हो. चांगली वाजते." ते आता कानवाल्यांना आठवलं.

नुसतं 'ठेवा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं?

"बाई, मला ते तीन ऐकू आले नाहीत."

बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"आत्ता कळलं." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा इथे. आता तुम्ही ऐका."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"चरा तुम्हाला कळला, मला नाही. डोळे मिटा. सुरांच्या मागे काही गुरगुरतंय का? लांबून ट्रक जावा तसं?"

बाई ताठ बसल्या. रेकॉर्डची अख्खी बाजू संपेपर्यंत हलल्या नाहीत.

"नाही. काही नाही."

"नक्की?"

"अहो, मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात जन्म गेला माझा."

"मग ठेवा. घरी ऐकायला उत्तम आहे. चुकत होतो मी."

त्यांनी वही उघडली. आजवर प्रत्येक पानावर तिसऱ्या रकान्यात त्यांचीच सही होती. त्यांनी वही बाईंपुढे सरकवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"इथे. कानाच्या खाली."

बाईंनी वाकड्या बोटांनी सावकाश सही केली. निब कागदावर कुरकुरत असणार, म्हणून कानवाले वाकून ऐकत होते. मग त्यांनी वही मिटली, खिशात ठेवली आणि पंखा लावला.