बाबांना ताप देऊ नका

माझी बायको बस चालवते आणि मी घरात शिलाई मशीन. गेल्या वर्षी हवा बदलली तशी आमची दोन्ही रत्नं तापाने फणफणली आणि तिला मोठ्या बसचं प्रशिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. यंदा पुन्हा बोलावणं आलं. आता काही झालं तरी तिला माघारी यायला लावायचं नाही, असा मी विडाच उचलला.

तयारीत कसर ठेवली नाही. नवा थर्मामीटर आणला. डॉक्टरीणबाईंकडे पोरांची वजनं करून कोणाला किती औषध द्यायचं ते विचारून घेतलं आणि बाटली वरच्या फळीवर ठेवली. उरल्यासुरल्या कापडाचे ढीगभर रुमाल शिवले. थोरल्या पंडितला निळे, धाकट्या भिंगरीला पिवळे, म्हणजे एकाचा शेंबूड दुसऱ्याला नको.

"अहो, घर आहे की दवाखाना?" बायको म्हणाली.

"दुधाने तोंड पोळलंय बाई, ताक फुंकतोय."

निघताना तिने पोरांना जवळ घेतलं. "शहाण्यासारखं वागा. बाबांना ताप देऊ नका."

पहिले काही दिवस मी नुसता ऐटीत होतो. मग एका सकाळी घर फारच शांत वाटलं. एरवी माझ्या पायाशी लुडबुडणारी भिंगरी कपाटाच्या कोपऱ्यात, तोंडाला पिवळा रुमाल बांधून बसली होती.

"बाबा, लांब हो!"

"का गं, रुसलीस?"

"आई म्हणाली ना, बाबांना ताप देऊ नका. मला आलाय. तुला दिला तर?"

एवढा जामानिमा केला आणि पोर बिचारी ताप लपवून बसली! तिला उचलून छातीशी धरलं. "वेडाबाई, ताप बाबालाच द्यायचा असतो."

औषध मोजून दिलं, डॉक्टरीणबाईंना फोन केला, घोट घोट पाणी पाजत राहिलो. दुपारनंतर अंग निवायला लागलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. खरं ते सांगून टाकलं.

"येऊ का मी?"

भिंगरीने माझ्या मांडीवरूनच फोन ओढला. "आई, तू नको येऊस. बाबा म्हणाला, ताप त्यालाच द्यायचा."

बायको आधी हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. सगळ्या तयारीत तिच्यासाठी रुमाल शिवायचा तेवढा राहून गेला होता.