देवदत्तचा ऐसपैस ट्रे

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे सहा प्राध्यापक दोन टेबलांवर बसतात. विभागप्रमुख मालिनीबाईंना मात्र स्वतंत्र केबिन, स्वतंत्र पंखा आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. ज्याचा पेपर मुंबईच्या परिषदेत घेतील त्याचं नाव प्रमुखपदासाठी सुचवीन, असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांसाठी चहा सांगणं बंद केलं.

मी काजूच्या टरफलांच्या तेलानं डासांच्या अळ्या मारत होतो. अळ्या तेलातही मजेत होत्या. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला देवदत्त अळ्यांची गर्दी अभ्यासत होता. एका ट्रेमध्ये वीस, दुसऱ्यात दोनशे. पाणी तेवढंच, बिस्किटाची पूड तेवढीच. गर्दीतल्या अळ्या रखडायच्या, कोषात उशिरा जायच्या आणि शेवटी डास निघायचे ते किडकिडीत.

"सर, बघा ना, काय तब्येत आहे एकेकीची!" रोज सकाळी तो मला वीसवाला ट्रे दाखवायचा. वीस जणींना अख्खा ट्रे. आम्हा सहा जणांना दोन टेबलं.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी राखीव बादलीतल्या त्याच वयाच्या अळ्या ड्रॉपरनं त्याच्या ऐसपैस ट्रेमध्ये सोडल्या.

बुधवारी देवदत्तनं ट्रे बघितला आणि मटकन बसला. मला बरं वाटलं. साधारण दहा मिनिटं. मग तो म्हणाला, "असू दे. आता काय होतं तेच बघू."

झालं असं, की त्या ट्रेमधली एकही अळी वेळेत कोषात गेली नाही. पहिल्या वीस लाडक्यासुद्धा रखडल्या.

"अरे, गर्दी मधेच आली तरी वाढ खुंटते!" मालिनीबाई खूश. "हे तर मूळ प्रयोगाहून सरस!"

"पण बाई, किती आल्या तेच माहीत नाही. त्या दिवशी मोजायचं सुचलं नाही, आणि मेलेल्या बाकीच्यांनी खाल्ल्या. आकड्याशिवाय कोण घेणार पेपर?" देवदत्त म्हणाला.

मी फक्त गप्प राहायचं होतं. बाकी कुणाचाच पेपर जाण्याजोगा नव्हता; ज्येष्ठतेनं केबिन माझी होती.

"लिही, अंदाजे दीडशे," बाई म्हणाल्या.

अंदाजे! बावीस वर्षं मी मुलांच्या जर्नलमध्ये या शब्दावर लाल रेघ मारतोय.

"एकशे ऐंशी," मी म्हणालो. "मंगळवारी, एक वाजून दहा मिनिटांनी."

बाईंनी चष्मा काढला. देवदत्तनं पेन उघडलं.

"नक्की ना, सर?"

"दोनदा मोजल्या."

जूनपासून देवदत्त केबिनमध्ये बसतो. पेपरच्या शेवटी त्यानं माझे आभार मानलेत, काटेकोर मोजणीबद्दल.